मौन मालिका

चेरीताल मोहल्ल्यातल्या धनेश पातुरकरांनी बनवलेल्या गिटारी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आणि चर्चमध्ये वाजायच्या. एकदा मुंबईच्या प्रदर्शनात त्यांनी काचेच्या पेटीत ठेवलेली गिटार पाहिली आणि ते वेगळेच होऊन परतले. "आपण गिटार नाही, वारसा विकून राहिलो," त्यांनी बायकोला, इंदूला, सुनावलं.

मग शहरातल्या उच्चभ्रू सिव्हिल लाइन्समध्ये त्यांचं थंडगार शोरूम उघडलं. आत मोजक्याच गिटारी, चिकार मोकळी जागा आणि अत्तराचा वास. जुने वादक तार बदलायला आले की पातुरकर म्हणत, "भैया, अपॉइंटमेंट लेके आइए."

पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सराफ्यातले एक शेठजी. त्यांनी सगळ्यात महागडी गिटार पसंत केली. पातुरकर हरखून सूर लावायला बसले, तर शेठजी म्हणाले, "तार निकाल दीजिए. ड्रॉइंग रूम में टाँगनी है, बच्चे छेड़ेंगे."

"पर फिर बजेगी कैसे?"

"बजाना किसको है?"

पातुरकरांनी स्वतःच्या हातानं तारा काढल्या. घरी इंदूनं विचारलं, "काहून तोंड उतरलं?"

"सगळ्यात महाग गिटार विकली," ते म्हणाले आणि न जेवता उठले.

पुढच्या आठवड्यात शेठजींच्या व्याह्यांनीही तशीच गिटार मागितली. या वेळी पातुरकरांनी तारा बसवल्याच नाहीत. सूर जुळवायची कटकट वाचली, आणि 'मौन मालिका' असं नाव देऊन किंमतही वाढवता आली.

इंदू म्हणाली, "उद्या लाकूडही नको म्हणतील!"

पातुरकर त्यावर गंभीरपणे विचार करू लागले.