वासाचा रकाना

नर्सिंगच्या मुलींना मेंदूच्या बारा नसांची तपासणी शिकवता शिकवता मॅडमचे केस पांढरे झाले होते. सरावासाठी त्या स्वतःच पेशंट होऊन खाटेवर बसत. मुली डोळ्यांत टॉर्च मारत, जीभ बाहेर काढायला लावत. पहिली नस वासाची, तिच्यासाठी ट्रेमध्ये कॉफीची बाटली ठेवलेली असे.

आज मॅडमनी एका मुलीच्या हातातून तपासणीचा फॉर्म ओढूनच घेतला.

"वास नॉर्मल? कुणाला विचारून लिहिलंस गं?"

"मॅडम, सगळ्याच तसं लिहितात."

"तेच तर! चार वर्षांपूर्वीच्या तापापासून मला कसलाच वास येत नाही. दूध करपून भांडं काळं झालं तरी पत्ता लागत नाही. आणि प्रत्येक बॅच मला नॉर्मल ठरवून मोकळी होते!"

मुलीने घाईघाईने बाटली उचलली. तिचं सील अजून तुटलेलंच नव्हतं.