अकरावी शाल

बॅनरवर 'अकरा दात्यांचा सत्कार' असं छापून आलं होतं आणि स्टेजवर दाते दहाच होते. माझ्या हातून जे झालं त्याची सुरुवात ही. त्यानंतर वर्षभर मी गप्प होतो. मग एकदा बोललो, तर त्याचंही भलतंच झालं. म्हणून आता लिहून काढतो. मुळात मी कमी बोलणारा माणूस. शाळेतली पोरं सोडली तर माझा आवाज मानवतमध्ये फारसा कुणी ऐकलेला नाही.

आम्ही चार-पाच जणांनी धान्य बँक काढली होती. मंदिरामागची एक खोली, दोन पत्र्याच्या कोठ्या, एक वजनकाटा. ज्याच्याकडे जास्तीचं आहे त्यानं आणून द्यायचं, ज्याच्या घरात पीठ संपलंय त्यानं गुरुवारी येऊन न्यायचं. अध्यक्ष आमचे निवृत्त मुख्याध्यापक, सचिव मी. अक्षर चांगलं म्हणून नियमावलीही मीच लिहिली. त्यातला आठवा नियम असा: 'दात्यास लाभार्थी होता येणार नाही.' कारण उद्घाटनाआधीच एका गृहस्थानं किडके गहू आणून टाकले आणि जाताना चांगला तांदूळ मागितला होता. नियम लिहून झाल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

उद्घाटनाला अकरा शाली, अकरा नारळ आणले. अकरावा दाता परभणीला साखरपुड्याला निघून गेला. फोटोग्राफर खोळंबला. अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले, "गुरुजी, बॅनरवर अकरा आहेत. फोटोत दहा दिसले तर लोक काय म्हणतील?"

"बॅनर थोडं दुमडू का?" मी विचारलं.

"दुमडलं तर मान्यवरांचे फोटो जातात."

मी मांडवात नजर फिरवली. शेवटच्या रांगेत एक मावशी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला मी ओळखत होतो. जन्मभर लोकांच्या रानात कापूस वेचलेली बाई. आता गुडघे गेले होते, आणि वेचून वेचून बोटांवरच्या रेघाही गेल्या होत्या, त्यामुळे रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नव्हता. यादीत पहिलं नाव तिचंच होतं: दर गुरुवारी पाच किलो ज्वारी. मी जवळ जाऊन म्हणालो, "मावशी, जरा वर या."

"वर देनार हावंत व्हय?" म्हणत ती उठली. ज्वारी स्टेजवर मिळते असं तिला वाटलं. तिच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, फोटो निघाला. खाली उतरल्यावर तिनं पिशवीचं तोंड उघडून माझ्यापुढं धरलं. मी म्हणालो, "आज कार्यक्रम आहे, वाटप पुढच्या गुरुवारी." ती नारळ पिशवीत टाकून गेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली ओळ होती, 'अन्नदाते'.

गुरुवारी मावशी आली. काट्यापाशी स्वतः अध्यक्ष बसले होते. त्यांनी तिला पाहिलं आणि उठून उभे राहिले.

"या, या! आज काय आणलंत?"

"आणलं न्हाई, न्यायला आले."

अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या नियमावलीकडं. "मावशी, तुम्ही तर दात्री. तुम्हाला कसं देता येईल?"

"मी कवा दिलं वो?"

अध्यक्षांचे डोळे भरून आले. "पाहा गुरुजी, देऊन विसरणं म्हणजे काय असतं ते पाहा!"

तेव्हा मी एक वाक्य बोलायला हवं होतं. साहेब, फोटो भरायला हिला मी उभं केलं, एवढंच. मी वहीत डोकं घातलं आणि आधीच ओढलेली रेघ पुन्हा ओढली. यादीतलं तिचं नाव अध्यक्षांनी माझ्याच पेनानं कापलं. मावशी थोडा वेळ उभी राहिली. माझ्याकडं पाहत होती की काट्याकडं, ते मला ठाऊक नाही. मी वर पाहिलंच नाही.

पुढं तिच्या गल्लीतही ती दात्री झाली. शेजारीण अधूनमधून भाकरी द्यायची, ती म्हणाली, "आता तुझ्याकडंच लय आसंल की, पेपरात आलीस." सप्त्याची मंडळी तिच्या दारात गहू मागायला गेली. मला हे शाळेतल्या शिपायानं हसत हसत सांगितलं. मीही हसलो.

त्याच आठवड्यात रविवारी मी घरातली पाच किलो ज्वारी स्कूटरला अडकवली. ज्वारी पेडगावची, आमच्या सासुरवाडीची; बायको तिच्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवते. तिनं विचारलं, "कुठं निघालात?"

"धान्य बँकेत द्यायला."

"आज तर रविवार. बंद असती ना बँक?"

मी किक मारली.

मावशीला म्हणालो, घरचं आहे, ठेवा. तिनं ठेवलं. माझा जीव हलका झाला. तो हलकेपणा गुरुवारपर्यंत टिकला. गुरुवारी मावशी काट्यापुढं हजर, पिशवीत दोन किलो ज्वारी. वर कडुनिंबाचं पान.

मी तिला बाजूला घेतलं. "मावशी, हे काय करायलाव?"

"फेडायले. शाल फुकट घिऊन बसले न्हवं का मी. झोप यिना गेली मला."

"मग खाता काय?"

"येक टाइम भागतंय."

अध्यक्ष तिकडून ओरडले, "काय म्हणतात मावशी?" मी म्हणालो, "ज्वारी आणलीय." आणि वहीत दात्यांच्या पानावर लिहून घेतली. म्हणजे इतके दिवस जे खोटं होतं ते मी माझ्या चांगल्या अक्षरात खरं करून टाकलं.

मग हे चालूच राहिलं. रविवारी मी पाच किलो न्यायचो, गुरुवारी ती दोन किलो आणायची. मी सात किलो न्यायला लागलो, तर ती तीन आणायला लागली. अध्यक्ष प्रत्येक सभेत तिचं उदाहरण द्यायचे. बायकोनं आमच्या कोठीत हात घालून पाहिलं आणि घरात उंदीर झालाय म्हणून पिंजरा आणला. मी रोज संध्याकाळी त्या पिंजऱ्यात खोबऱ्याचा तुकडा लावायचो.

मावशी मात्र वाळत चालली होती.

वर्ष झालं. वार्षिक कार्यक्रमात 'सर्वांत नियमित दात्री' म्हणून मावशीचा सत्कार ठरला. पुन्हा अकरा दाते. या वेळी सावधगिरी म्हणून शाली बारा आणल्या होत्या. मावशी स्टेजच्या दोन पायऱ्या चढताना मध्ये थांबली आणि खांबाला धरून उभी राहिली. मला ते बघवेना. मी माइक घेतला. माइकवर मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होतो, त्यामुळं आधी नुसतीच शिट्टी वाजली.

"या बाई दात्री नाहीत," मी म्हणालो. "मागच्या वर्षी एक माणूस कमी पडला म्हणून मी त्यांना खोटंच उभं केलं. त्यांना ज्वारी द्यायची होती. ती आपण वर्षभर दिली नाही. चूक माझी आहे."

मग अध्यक्षांनी माझ्या हातून माइक घेतला. "माझं नाव पुढं करू नका, असं मावशींनीच गुरुजींना सांगितलेलं दिसतंय!" ते म्हणाले. "आणि त्यांच्या शब्दाखातर गुरुजींनी दोष स्वतःवर घेतला. असा सचिव शोधून सापडायचा नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बारावी शाल होतीच. ती मावशीच्या हस्ते माझ्या खांद्यावर घालण्यात आली.

शाल सारखी करता करता मावशी हळूच म्हणाली, "गुर्जी, खरं बोल्लाव तुमी. मग मापा की आता."

मी शाल घेऊनच खाली उतरलो, खोलीचं कुलूप काढलं. मावशी मागून आली, तिच्या मागून अध्यक्ष. "गुरुजी, नियम आठ!" मी खिशातलं पेन काढून भिंतीवरचा आठवा नियम खोडला. मीच लिहिला होता. बाहेर फोटोग्राफर अध्यक्षांना बोलावत होता, ते गेले.

मी कोठीतून ज्वारी काढून काट्यावर ओतली. पाच किलो भरली, मी आणखी घालू लागलो. मावशीनं हात आडवा धरला आणि दाण्यातून वाळलेलं कडुनिंबाचं पान उचललं.

"ही तर मीच आणल्याली हाय."

"हो."

"म्हंजी तुमच्या घरची."

"हो."

तिनं पान बाजूला ठेवलं. "मंग इतकं फिरवलाव कशाला वो तिला?"

मी वही उघडली, घेणाऱ्यांच्या पानावर पहिल्या ओळीत तिचं नाव लिहिलं आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. तिनं अंगठा टेकवला. रेघ एकही नाही, नुसता निळा ठिपका. मी त्याच्यापुढं सही केली. मग तिची पिशवी उचलली आणि माझी स्कूटर जिथं दर रविवारी थांबायची तिथपर्यंत, तिच्या दारापर्यंत, तिच्या मागं चालत गेलो. शाल खांद्यावर तशीच होती. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून आम्हा दोघांकडं पाहत होत्या.