चिनीमातीचं कडं आणि मामाजींची मोटर

भूतखेत, नजर, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी बी.एस्सी. फिजिक्स, तेही त्या काळात. लग्न होऊन नरखेड तालुक्यात सासरी आले, तेव्हा विजेतलं मला जेवढं कळतं तेवढं वीज कंपनीलाही कळत नसावं, असा माझा समज होता.

सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, संत्र्याची बाग होती. सकाळी विहिरीवरची मोटर लावण्याआधी ते स्टार्टरच्या पेटीवर बोटानं दोनदा टकटक करत अन् म्हणत, "ऊठ वं बाई, पोरं उपाशी हायेत." पोरं म्हणजे झाडं. पाटात पाणी येईपर्यंत स्वतः चहाचा घोटही घेत नसत. मी डोक्यावरचा पदर सावरत त्यांना शिकवायला गेले, "मामाजी, मोटरले कान नसतात."

"तुले हायेत नं? मंग आयकत जाय."

हा टोमणा होता, हे मला दोन दिवसांनी कळलं. एवढी मी हुशार.

आता मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही आता नागपूरच्या मनीषनगरला राहतो. माझी नात केतकी तिथल्याच एका कॉलेजात पीएच.डी. करते. प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर जाळीच्या पिंजऱ्यात बांगडीएवढं पांढरं कडं आहे, चिनीमातीसारखं. त्यातून वीज वाहत नाही, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये असतात तशा मायक्रोवेव्ह लहरी त्यात घुमतात. कड्याच्या मधोमध काचेची नळी, नळीत आर्गॉन वायू. लहरींचा जोर बसला की तो वायू जांभळा होऊन उजळतो... तोच प्लाझ्मा. एकदा पेटला की टिकतो, पण सुरुवातीला ठिणगी द्यावी लागते, चुलीला काडी लावतात तशी.

त्या दिवशी अकरा वाजता तीन प्राध्यापक बघायला येणार होते. पेटला तर काम पुढे, नाही तर तीन वर्षांचा विषय गुंडाळून दुसरा घ्यायचा. पोरगी रात्रीही जेवली नव्हती, सकाळी तशीच निघून गेली. मी झुणका-भाकरीचा डबा घेऊन मागोमाग ऑटोनं गेले.

बघते तर केतकी खाली बसलेली. ठिणगी देणारं यंत्र जळालं होतं.

"आजी, संपलं सगळं."

"काहून वं? दोन घास खा आधी."

"नाही जात घशाखाली."

तिनं उगाच आणखी एकदा पॉवर दिली. काही नाही. तिच्या डोळ्यांत पाणी... तिला हसवावं म्हणून मी टेबलावर दोनदा टकटक केलं अन् मामाजींच्या आवाजात म्हटलं, "ऊठ वं बाई, पोरं उपाशी हायेत."

कड्याच्या मधोमध जांभळा उजेड झाला. अगदी शांतपणे, जणू बाई उठून बसली.

ठिणगीच्या यंत्राचा प्लग माझ्या पायाशी पडला होता. केतकीनं मीटर बघितला. "आजी, एवढ्या पॉवरवर तर ठिणगी देऊनही पेटत नाही."

"मंग विझवू नको," मी म्हटलं. फिजिक्सवालीचा सल्ला.

प्राध्यापक आले, तासभर बघत राहिले, काम पुढे चालू ठेव म्हणाले. ते गेल्यावर केतकीनं सगळं बंद केलं अन् डबा पुसून खाल्ला. मग आम्ही दोघी प्रयोगाला बसलो. तोच वायू, तीच पॉवर. मी टकटक केलं, तिनं केलं, मी मामाजींसारखं खोकूनसुद्धा पाहिलं. एकदाही पेटला नाही.

"सकाळच्यापेक्षा काय बदललं?" ती वही उघडून म्हणाली.

माझी नजर रिकाम्या डब्यावर गेली, अन् चहा न घेता विहिरीवर उभे असलेले मामाजी आठवले. मी म्हटलं, "सकाळी तू उपाशी होतीस."

"हे थिसिसमध्ये लिहू, आजी?"

"माह्यं नाव नको टाकू."

तिनं वहीत लिहिलं, 'कारण कळले नाही.' तिच्या सरांनी दोन-तीन शक्यता सांगितल्या, त्यांतली एकही बसली नाही. मलाही आजवर दुसरी सुचलेली नाही.

ठिणगीचं नवीन यंत्र आलंय, व्यवस्थित चालतं. पण महत्त्वाचं रीडिंग असलं की केतकी काही न खाताच घरून निघते. मी विचारते, "काहून वं, खात काहून नाही?"

"भूक नाही, आजी."

पीएच.डी. करते, पण खोटं बोलणं अजून जमत नाही तिला.