माझ्याच रक्ताचं औषध

दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजली, असं जळगावच्या डॉक्टरने सांगितलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. चाळीस वर्षं केळीच्या बागेत वाकून बुंध्याशी फुटणारी जादा पिलं कापली, दुसरं काय होणार? नवल औषधाचं वाटलं. माझंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं आणि वर जे पिवळं पाणी येईल ते गुडघ्यात टोचायचं. त्या पाण्यात वाढीचे घटक असतात, ते गादीतल्या पेशींना वाढायला लावतात, म्हणे. मुलगा आणि सून लगेच तयार झाले. मी नाही. हे घटक माझ्या अंगात आधीपासून होते, तर इतकी वर्षं काय करत होते?

त्यांच्या आग्रहाने गेले खरी, पण टोचायच्या दिवशी दुसरीच शंका आली. रक्ताची नळी बदलली तर कोणाला कळणार? रक्त काढून झाल्यावर पदराचा दोरा तोडून मी नळीला गाठ मारली. कंपाउंडर हसला. यंत्रात दोरा चालत नाही म्हणाला आणि सोडून टाकला. मग मी यंत्राशेजारी स्टूल ओढलं आणि ते थांबेपर्यंत उठले नाही. नळी निघाली. खाली लाल, वर पिवळं. माझीच होती.

डॉक्टर सुई भरायला लागला. आमच्याकडे घड उतरवला की खोड लगेच पाडत नाहीत, त्याचा रस बाजूच्या पिलाला मिळतो. हे त्यातलंच दिसत होतं. म्हणून विचारलं, "डॉक्टर, खोडात रस कितीही असो, खालचा कंदच सडला असेल तर पील कुठून वाढेल?"

सून म्हणाली, "आई, त्यांना कामं आहेत."

डॉक्टरने मात्र सुई ठेवली आणि गुडघ्यांचा फोटो पुन्हा उजेडाला धरला.

"अक्का, डाव्यात हाडाला हाड लागलंय. तिथे वाढायला फारसं काही उरलं नाही. उजव्यात थोडी गादी आहे."

"मग डाव्यात टोचणार कशाला होता?"

घरच्यांनी दोन्ही म्हटलं होतं, असं तो म्हणाला. सून खिडकीबाहेर बघायला लागली.

डावा मी टोचू दिला नाही. उजव्यातही गादी नवी येईल याची खात्री नाही, दुखणं उतरलं तरी पुष्कळ, हेही त्याने तेव्हाच सांगितलं.

तीन महिने झाले. उजवा कमी दुखतो. सुईने, की बागेत जाणं बंद आहे म्हणून, मला माहीत नाही. सून सगळ्यांना सुईनेच सांगते. सोमवारी विळा घेऊन पिलं कापायला जाणार आहे. एक ओळ कापून झाली की कळेल.