हळदीचं बोट

स्पिरिटचा वास आला की मला तलासरीचं, हायवेलगतचं ते कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आठवतं. बसमधून उतरताना माझा जुना लॅपटॉप पडून स्क्रीन तडकली होती. बाबांनी कॉलेजसाठी घेऊन दिलेला हा लॅपटॉप दर दसऱ्याला चिकूच्या वाडीतल्या कोयत्यांशेजारी पूजेला असायचा आणि बाबा स्क्रीनखालच्या काळ्या पट्टीवर हळदीचं बोट टेकवायचे. त्याच वर्षी उन्हाळ्यात बाबा गेले, पण तो पिवळा ठसा तसाच होता. "वॉरंटी तर केव्हाच संपली, बेन," दुकानदार म्हणाला, "पण वापीहून स्क्रीन मागवतो. टेन्शन नाय घ्यायचा." ठसा पुसू नका, हे वाक्य मी वाटेत घोकलं होतं, पण दुकानात इतकी माणसं बघून फक्त "जपून करा" एवढंच म्हटलं. आठवड्याने आईबरोबर गेले, तर पट्टी आरशासारखी चमकत होती. "किती डाग होते! सगळे स्पिरिटने काढले. त्याचे पैसे नाय हां," तो खुशीत म्हणाला. आई पट्टीकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "छान केलंत, भाऊ." त्या वर्षी आमच्याकडे दसरा झाला नाही. पुढच्या वर्षी आत्या म्हणाली, "वहिनी, हळदीला तू नको हात लावू." आईने हळदीत बोट बुडवलं आणि पट्टीवर त्याच जागी टेकवलं. लॅपटॉप आता सुरू होत नाही. पट्टीवर आईचा ठसा आहे, बारीकसा, बाबांच्या निम्माही नाही.