गोळी रोज घेते का?

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. कोल्हापुरात ज्या दवाखान्यात मी नर्स होते, तिथल्या डॉक्टरांनी एक अभ्यास हाती घेतला होता. हृदयाची झडप बदललेल्या पेशंटांना रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ती गुण किती देते आणि अपाय किती करते, हे त्यांना बघायचं होतं. दर महिन्याला पेशंट यायचे, रक्त तपासलं जायचं आणि छापील फॉर्म मी भरायचे. कुठून रक्त गेलं का? गोळी रोज घेते का? विचारायचं, खूण करायची, पुढचा. बाहेर ही भली मोठी रांग, खोदून विचारायला वेळ कुणाला होता!

नेसरीची एक सून सासूबरोबर एसटीनं यायची. वीस-बावीसची पोर, मान कायम खाली. उत्तरं सासूच द्यायची, तीही सगळ्या व्हरांड्याला ऐकू जातील अशी. "घेती की! चुकाय नगं म्हणून डबी देव्हाऱ्यातच ठेवलीया." मला भारी कौतुक वाटलं. इतर पेशंटांनाही मी सांगायचे, असं पाहिजे बघा.

तिच्या रक्ताचा मात्र मेळ बसत नव्हता. एका महिन्याला हवं तितकं पातळ, दुसऱ्या महिन्याला घट्ट. डॉक्टर चक्रावले होते.

मग एक दिवस तिला जीपमध्ये आडवी घालून आणली. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, वाचा गेलेली. झडपेवर रक्ताची गाठ धरून ती मेंदूत गेली होती. डॉक्टरांनी फॉर्मवर लिहिलं, गोळी रोज घेऊनही गाठ झाली.

सासू डोक्याला हात लावून बसली होती. "चार दिस भाईर बसलीती. आज न्हाऊन उठली, आन् तितंच पडली वो."

मी विचारलं, "मावशी, बाहेर बसल्यावर तिला डबी कोण देतं?"

"ती कशी शिवंल देव्हाऱ्याला? मी देती की..." ती अडखळली. "न्हाय वो. मी तर दिस उगवायला शेतात. तिनं कवा मागितलीच न्हाय."

मी डॉक्टरांना सांगितलं. ते माझ्यावरच ओरडले, "सिस्टर, हे आधी विचारायला नको?" मीही तडकले, "तुमच्या फॉर्मात होतं का?" त्यांनी ती ओळ खोडली.

त्यांना सुचलं नाही, पुरुषमाणूस, ठीक आहे. पण मला? माझी मलाच चीड आली. दिवसभर दवाखान्यात सुया टोचणारी मी, दर महिन्याला घरी चार दिवस कोपऱ्यात चटईवर बसायचे. घागरीला शिवायचं नाही. तहान लागली की जाऊबाई वरून ओंजळीत पाणी ओतायची, आणि ती कामात असली तर मी मागायचे नाही, तशीच बसून राहायचे.