खैरूबीचा पाय आणि टायवाला साहेब

सरकारी दवाखान्यातल्या नर्सनं घरी काही आणायचं नसतं, ना कापूस, ना गोळी. किस्से मात्र रोज पिशवीभर येतात, त्यांना कोण अडवणार!

तारनाक्याहून बस धरून मी कोठी भागातल्या एका सरकारी दवाखान्यात जन्मभर ड्युटी केली. नाव नाही सांगत, अजून ओळखीचे आहेत तिथे. हे किस्से त्या वर्षांतले, जेव्हा जे दिसेल ते खासगी करायची हवा होती. आमचा बायकांचा वॉर्डही एका कंपनीला चालवायला द्यायचं घाटत होतं.

मला धास्ती होती ती खैरूबीची. शुगरनं पाय चिघळलेला, म्हणून वॉर्डात मुक्कामालाच होती. रोज ड्रेसिंग, आणि सगळं फुकट. फुकट बंद झालं असतं तर म्हातारी घरी गेली असती, आणि मग तो पाय काही राहिला नसता. पण तिचं तोंड बंद करायची कुणाची छाती!

*

एकदा उशीखाली वाटी सापडली. डबल का मीठा, तुपात तळून पाकात घातलेला पाव! मी तडकलेच. "खैरूबी, शुगर आहे ना तुम्हाला?"

"शुगर तो अंग्रेजी बीमारी है सिस्टरम्मा," ती म्हणाली. "ये तो भतीजी के शादी का मीठा है!"

वाटी मी जप्त केली. आमची आया यादम्मा ती धुवायला म्हणून घेऊन गेली आणि तोंड पुसत परत आली.

*

खासगीकरणाच्या निषेधाला आम्ही स्टाफनं दंडावर काळ्या फिती बांधल्या. दुपारी एक बाळंतीण म्हणते, "मेरे बच्चेकू भी एक बांधो." काळं म्हणजे नजरेसाठीच असणार, असा वॉर्डाचा समज! यादम्मानं आपली जुनी छत्री फाडली आणि सगळ्यांना पट्ट्या वाटल्या.

दुसऱ्या दिवशी सुपरिंटेंडेंट साहेब राउंडला आले, तर खाटेखाटेवर काळी फीत! "अहो सिस्टर, पेशंटही निषेधात?"

खैरूबीनंच उत्तर दिलं. "हौ साब. वॉर्डकू नजर लगी ना!"

साहेब पुढच्या खाटेकडे वळले. जाताना मात्र यादम्माकडे हळूच एक पट्टी मागून घेतली.

*

घरी आमचे हे पेपर वाचत म्हणाले, "होऊ दे की खासगी. तुझा पगार वाढेल."

"आणि खैरूबीचा पाय?"

"कोण खैरूबी?"

अगं बाई गं! वर्षभर जेवताना दुसरं काय ऐकवत होते मी ह्यांना? रागानं मी पाठ फिरवून झोपले. सकाळी बघते तर ओट्यावर दोन डबे. "हा तिचा," हे म्हणाले. "ज्वारीची भाकरी आहे. शुगरला चालते ना?"

चिडलेल्या माणसानं अशा वेळी काय करावं, सांगा!

*

कंपनीनं नमुना म्हणून दाराशी एक गणवेशातली मुलगी बसवली. गोड पोरगी, शिकवलेलं इमानानं म्हणायची. टाके काढून घरी निघालेल्या बाईला हात जोडून ती म्हणाली, "थँक्यू! फिर आइए!"

बाई जागीच थिजली. तिची सासू पुढे झाली. "फिर आएं मेरे दुश्मन! बहूकू घर तो पोंचने दे!"

पोरगी रडायलाच लागली. यादम्मानं तिला चहा पाजला आणि समजावलं, "इथून जाणाऱ्याला फक्त 'जा' म्हणायचं असतं, बाळा. मागं वळूनसुद्धा बघू द्यायचं नाही."

*

आणि मग आला कंपनीचा टायवाला साहेब.

ऐन मे महिना, पंखे नुसते कुरकुरतायत, आणि हा पोरगा गळ्यापर्यंत टाय आवळून खाटेखाटेशी एकच प्रश्न विचारत फिरतोय. "या खाटेचे पैसे भरावे लागले, तर दिवसाचे किती देऊ शकाल?" बायका एकमेकींकडे बघायच्या. एकीनं पदर तोंडाला लावला. माझं डोकं असं फिरलं म्हणता, पण हातात चिमटा होता, खैरूबीचं ड्रेसिंग चाललेलं.

तो नेमका तिथेच आला. "अम्मा, इस खाट का आप..."

आणि त्याची नजर उघड्या पायावर गेली. डोळे पांढरे! मी चिमटा टाकून धरेपर्यंत गडी धाडकन खाली!

मी आणि यादम्मानं उचलला खरा, पण ठेवणार कुठे? सगळ्या खाटा भरलेल्या. तोवर खैरूबी कण्हत कण्हत खाली उतरून स्टुलावर बसलीसुद्धा. "यहां लिटाओ, यहां!" मी ओरडले, "अहो, पाय!" ऐकेल तर ना! यादम्मानं टाय सोडला, खैरूबी आपल्या पदरानं वारा घालत राहिली.

पोरानं डोळे उघडले. समोर म्हातारी स्टुलावर, अर्धवट गुंडाळलेला पाय हवेत धरून. तो ओशाळून उठायला लागला. "अम्मा, आप लेटिए. ये आपकी खाट है."

खैरूबीनं त्याला खांदा दाबून परत झोपवलं.

"मेरी कायकू बेटा? जिसकू तकलीफ, उसकी खाट. लेट जा."